कोइमतूरची गाडी विट्याला आणताना: नंबर, लायसन्स आणि विमा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. घरची गलाई, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचं दुकान, कोइमतूरला आहे. आता दुकान धाकट्या भावाच्या हवाली करून तुम्ही बायकामुलांसह विट्याला राहायला येताय. गाडी पाच वर्षांची, पेट्रोलवरची, टीएन ३८ पासिंगची. तिथल्या बँकेचे दोन वर्षांचे हप्ते बाकी आहेत आणि विमा दोन महिन्यांत संपतोय. दोघांची लायसन्स तमिळनाडूची, शिवाय एक स्कूटर आहे. चुलतभाऊ सांगतो, "चालव तशीच, कोण विचारतंय." मेव्हणा म्हणतो, "बीएच (राज्य बदललं तरी चालणाऱ्या 'भारत' मालिकेचा) नंबर घे, कटकटच नको." आणि एक एजंट आठ दिवसांत एमएच १०, म्हणजे सांगलीचा नंबर, करून देतो म्हणतोय. यातलं कुणाचं ऐकायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी सांगलीत बरीच वर्षं वाहन विमा आणि आरटीओची कागदपत्रं बघतो. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या पट्ट्यातली गलाईची माणसं देशभर पसरलेली, त्यामुळं टीएन, केएल, एपी, पीबी असल्या पाट्यांच्या गाड्या माझ्याकडं नेहमीच येतात. त्या अनुभवावरून सांगतो, तुमचं निम्मं काम कोइमतूरला आहे आणि ते तिथून निघायच्या आधी करायचं आहे. लोक सामान बांधून गाडी घेऊन गावी येतात, सात-आठ महिने जातात आणि मग कळतं की पहिला कागद तिकडूनच लागतो. मग एका सहीसाठी हजार किलोमीटर.

पण त्याही आधी एक गोष्ट ठरवा: गाडी मुक्कामाला कुठं राहणार? मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४० नुसार मालकाचं राहण्याचं किंवा धंद्याचं ठिकाण जिथं आहे आणि गाडी एरवी जिथं ठेवली जाते, तिथं तिची नोंदणी असावी. नोंदणी एकदा झाली की ती देशभर चालते, हे कलम ४६ सांगतं. त्यामुळं तुमची टीएनची गाडी विट्यात दिसली म्हणून कुणी लगेच बेकायदा ठरवू शकत नाही. कलम ४७ मात्र म्हणतं की दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नवा नंबर घ्यायचा. त्यासाठीचा अर्ज १२ महिने संपल्यापासून ३० दिवसांच्या आत करायचा, असं नियमांत आहे.

म्हणून तुमच्या बाबतीत उत्तर थोडं परिस्थितीवर आहे. दुकान भावाकडे दिलं तरी हिशेबाला, मालाला तुमचं वरचेवर जाणं असेल, गाडीही तुमच्याबरोबर जात-येत असेल आणि वर्षातले बरेच महिने तिकडंच उभी राहणार असेल, तर टीएन नंबर ठेवण्यात काही चूक नाही. आमच्याकडची कितीतरी कुटुंबं अशीच आहेत, दिवाळीला आणि जत्रेला गावी, बाकी वर्ष दुकानावर. त्यांनी नंबर बदलायची गरज नाही. पण मुलांचं नाव विट्याच्या शाळेत घातलं, रेशनकार्ड इकडं केलं, गाडी रोज दारात उभी आहे, तर ती महाराष्ट्राचीच झाली. तुमच्या लिहिण्यावरून मला हे दुसरं वाटतं, म्हणून पुढचं सगळं तसं धरून सांगतो.

चुलतभावाचं म्हणणं अगदीच खोटं नाही. गावात, तालुक्यात वर्षानुवर्षं परराज्याचे नंबर फिरताना तुम्हीही बघता. पण गावात कुणी विचारत नाही, म्हणून प्रश्न सुटत नाही. तो उभा राहतो गाडी विकताना, अपघात झाल्यावर, किंवा भरारी पथकानं अडवून "महाराष्ट्रात कधीपासून आहे?" असं विचारल्यावर. रोड टॅक्स हा राज्याचा विषय आहे. गाडी इथं वापरात आहे आणि कर तमिळनाडूत भरलाय, म्हणजे महाराष्ट्राच्या दृष्टीनं कर थकलेलाच. तो उशिरा भरला तर व्याज चढतं. म्हणून गाडी इथं कधी आली याचा पुरावा जपा. फास्टॅगचा उतारा यासाठी सगळ्यात चांगला. कोगनोळी आणि किणीच्या टोलनाक्यांवरून गाडी गेल्याची तारीख त्यात येते. बँकेच्या ॲपवरून तो उतरवून घ्या आणि कागदांत लावून ठेवा. रस्त्यात कुणी विचारलं तर तोंडी सांगण्यापेक्षा हा कागद दाखवणं केव्हाही बरं.

आता बीएच. ही मालिका १५ सप्टेंबर २०२१ पासून सुरू झाली. केंद्र आणि राज्य सरकारचे कर्मचारी, सरकारी उपक्रमांतले, संरक्षण दलातले, आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी यांच्यासाठी ती आहे. खासगी नोकरीवाल्याला कंपनीकडून फॉर्म ६० भरून आणावा लागतो. कर एकदम १५ वर्षांचा न भरता दोन-दोन वर्षांचा भरतात. गाडीची किंमत १० लाखांच्या आत असेल तर ८ टक्के, १० ते २० लाखांना १० टक्के, २० लाखांच्या वर १२ टक्के, डिझेलला आणखी २ टक्के जास्त, असा दर धरून त्यातला दोन वर्षांचा वाटा घेतात. सातारा जिल्ह्यात अपशिंग्यासारखी फौजी गावं आहेत. तिथल्या पोरांना दर दोन-तीन वर्षांनी बदली, त्यांच्यासाठी ही सोय खरोखर चांगली आहे आणि मी त्यांना ती आवर्जून घ्यायला सांगतो. डिसेंबर २०२२ च्या दुरुस्तीनंतर आधी नोंदलेली गाडीसुद्धा बीएचमध्ये नेता येते. पण तुम्ही स्वतःच्या दुकानाचे मालक. कुणाचे कर्मचारी नाही. तुम्हाला बीएच बसत नाही. कुणी "कंपनीचं पत्र काढून देतो" म्हणालं तरी त्या नादाला लागू नका. खोट्या पत्रावर मिळालेला नंबर कधी रद्द होईल याचा भरवसा नसतो.

तर मग कामाचा क्रम. तो उलटा झाला की पैसे आणि हेलपाटे दोन्ही वाढतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं काम बँकेचं. बऱ्याच जणांना वाटतं की कर्ज फिटल्याशिवाय नंबर बदलतच नाही. तसं नाही. कर्ज तसंच चालू राहतं. बँकेचा बोजा नव्या आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) जसाच्या तसा चढतो. फक्त बँकेनं "दुसऱ्या राज्याचा नंबर घ्यायला आमची हरकत नाही" असं लिहून द्यावं लागतं. कलम ५१ प्रमाणे बँकेनं सात दिवसांत एक तर ते पत्र द्यायचं, नाहीतर का देत नाही ते लेखी कळवायचं. प्रत्यक्षात शाखा ते वरच्या कार्यालयाकडं पाठवते आणि वेळ जातो. म्हणून अर्ज लेखी द्या, पोच घ्या. हप्ता थकलेला असेल तर आधी भरा, नाहीतर अर्ज तिथंच अडकेल.

दुसरं काम तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला ना हरकत प्रमाणपत्र. फॉर्म २८. यात दोन गोष्टी तपासतात: गाडीवर कर किंवा चलन थकलेलं नाही ना, आणि ती चोरीची म्हणून नोंदलेली नाही ना. म्हणून आधी सगळी ई-चलनं बघून भरून टाका, फक्त तमिळनाडूचीच नव्हे, दिवाळीला गावी येताना कर्नाटकात वेगासाठी पडलेलं असलं तर तेही. अर्जावर चासी नंबरचा (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबरचा) पेन्सिलनं काढलेला छाप लागतो. अर्ज परिवहनच्या संकेतस्थळावर भरता येतो, पण कागद कार्यालयात नेऊन द्यायची तयारी ठेवा. अर्जात कुठल्या कार्यालयाकडं नेणार ते लिहावं लागतं, तिथं नीट लक्ष द्या. विटा हा सांगली जिल्हा, म्हणजे एमएच १०. कराड जवळ पडतं म्हणून कुणी एमएच ५० लिहून आणतं आणि मग पत्ता सांगलीचा निघतो. सातारा एमएच ११, कराड एमएच ५०. इकडं आल्यावर आधारवर जो पत्ता घालणार तो ज्या कार्यालयाच्या हद्दीत, तेच नाव लिहा.

एनओसीचा अर्ज दिल्यावर पोचपावती घ्याच. कलम ४८ मध्ये असं आहे की कार्यालयानं ३० दिवसांत ना नकार दिला, ना काही कळवलं, तर हरकत नाही असंच धरायचं. त्या वेळी ती पोचपावतीच तुमच्या कामाला येते. आणि एकदा एनओसी हातात आली की ती महिनोन्महिने कपाटात ठेवू नका. तिकडच्या नोंदीत गाडी "बाहेर गेली" असं दिसतं आणि इकडं अजून आलेली नसते. अशा मधल्या अवस्थेत आरसीचं दुसरं कुठलंही काम अडतं.

गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल, रंग बदलला असेल, तर त्याची नोंद आरसीवर आहे का ते निघण्यापूर्वी बघा. नसेल तर तिथंच करून घ्या. इकडं तपासणीला गाडी उभी केल्यावर आरसीवर नुसतं पेट्रोल आणि डिकीत सिलिंडर असं निघालं, की फाईल परत.

कोइमतूर सोडण्यापूर्वी आणखी दोन कागद शोधा. एक, गाडी घेतानाचं शोरूमचं मूळ बिल. दुसरी, तिथल्या लाइफ टॅक्सची (एकरकमी भरलेल्या रोड टॅक्सची) पावती. बिलावरून इथला कर ठरतो, पावतीवरून तिथला परतावा. बिल हरवलं असेल तर शोरूमकडून सही-शिक्क्याची प्रत घ्या. तिथं राहत असताना हे काम एका चकरेत होतं, विट्यात बसून फोनवर होत नाही.

इथं आल्यावर सगळ्यात आधी आधारवरचा पत्ता बदला. घर वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर आहे म्हणून अडू नका, पत्त्याचा पुरावा तुमच्या नावाचा हवा, घराचा उतारा नव्हे. पुढं लायसन्सलाही तोच उपयोगी पडतो. मग सांगलीच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात नव्या नंबरसाठी फॉर्म २७ चा अर्ज. सोबत एनओसी, मूळ आरसी, विमा, पीयूसी, बिल, बँकेचं पत्र, पत्त्याचा पुरावा. गाडी तपासणीला न्यावी लागते. चासी नंबर गंजलेला किंवा चिखलानं भरलेला असेल तर आदल्या दिवशी साफ करून घ्या. निरीक्षकाला तो वाचता आला नाही तर चक्कर वाया जाते.

खर्चाचा मोठा भाग म्हणजे कर. सरकारी फी काही शे रुपयांची असते. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के एकरकमी कर आहे, १० ते २० लाखांना १२ टक्के. डिझेलला ते १३ आणि १४ टक्के. समजा तुमची गाडी ८ लाखांची होती. नवी असती तर ८८ हजार भरावे लागले असते. पाच वर्षांची आहे म्हणून वयाप्रमाणे त्यातला काही भागच लागेल. नेमका आकडा कार्यालयात बिल दाखवून काढून घ्या आणि त्यानंतरच एजंटाशी पैशाचं बोला. एजंट जी एकूण रक्कम सांगतो त्यात कर किती, फी किती आणि त्याची मजुरी किती, हे तीन आकडे वेगळे लिहून मागा. चांगला एजंट ते देतो. आणि आठ दिवसांत काम करतो म्हणणाऱ्याला विचारा की एनओसी कुठून आणणार. ती तुमच्या अर्जाशिवाय कशी निघते, हे त्यानं सांगितलं पाहिजे. कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या कुणालाच देऊ नका. ते मालकी बदलण्याचे फॉर्म आहेत, तुमच्या या कामात त्यांचा काही संबंध नाही.

नवा नंबर मिळाला की नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) पाटी बसवा आणि फास्टॅग नव्या नंबरवर करून घ्या. लोक हे विसरतात. टॅग टीएनचा आणि पाटी एमएचची, मग टोलवर वाद आणि चुकीच्या नावावर कापलेले पैसे.

तिथं भरलेल्या लाइफ टॅक्सचा परतावा मागायचा तो यानंतर. उरलेल्या वर्षांच्या हिशेबानं काही रक्कम परत मिळते, ती तिथल्या नियमाप्रमाणे. नव्या आरसीची प्रत, एनओसीची प्रत आणि कराची मूळ पावती लागते आणि अर्ज जुन्या कार्यालयात जातो. यात वेळ लागतो. तुमचा भाऊ तिकडं आहे, त्याच्याकडं काम सोपवा. ज्यांचं तिकडं कुणीच राहिलेलं नाही, त्यांचा परतावा बहुधा तसाच राहून जातो, याचं मला फार वाईट वाटतं. हक्काचे पैसे असतात.

एवढं सगळं करण्यापेक्षा गाडी तिथंच विकावी का, असं काही जण विचारतात. पाच वर्षांच्या, चांगल्या चालत्या गाडीला मी नाही म्हणेन. पण गाडी १२-१३ वर्षांची असती तर माझं उत्तर बदललं असतं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. ती संपली की पुनर्नोंदणी दर पाच वर्षांनी, त्याची फी मोटारीला काही हजार, वर पर्यावरण कर. दोन वर्षांच्या आयुष्यासाठी नंबर बदलायचा खर्च करण्यात अर्थ नाही. स्कूटरचंही तेच बघा. जुनी असेल तर तिकडंच विकून टाका. मात्र विकली तर नाव बदलल्याची नोंद झाली का, ते स्वतः संकेतस्थळावर पाहिल्याशिवाय थांबू नका. अपघाताच्या भरपाईत नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक धरला जातो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. गाडी तिसऱ्याच्या हातात आणि नोटीस विट्याला, असं होऊ शकतं.

विम्याकडं येतो. माझं रोजचं काम हेच आणि गैरसमजही यातच जास्त. तुमची पॉलिसी दोन महिन्यांत संपतेय आणि तुम्ही "नवा नंबर आल्यावरच काढू" म्हणताय. तसं अजिबात करू नका. टीएन नंबरवरच वेळेत नूतनीकरण करा. एनओसी आणि नव्या नंबरच्या कामात दोन महिने सहज निघून जातात. विमा नसलेली गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्या वेळी २ हजार आणि पुन्हा सापडली तर ४ हजार दंड आहे, पण दंड ही त्यातली छोटी गोष्ट. त्या काळात गाडीखाली कुणी आलं तर भरपाई तुमच्या खिशातून, आणि ती घरदार विकायला लावेल एवढी असू शकते. शिवाय ९० दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर साठवलेला नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याची सूट) जातो. पाच वर्षं क्लेम न घेतलेल्याला तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्क्यांपर्यंत असतो.

नूतनीकरण करताना पत्ता विट्याचा द्या. नवा नंबर आला की नवी आरसी कंपनीला पाठवून पॉलिसीवर नंबर बदलून घ्या. याला एंडोर्समेंट म्हणतात, थोडी फी लागते. पॉलिसी चासी आणि इंजिन नंबरलाही जोडलेली असते, म्हणून मधल्या चार दिवसांत विमा रद्द झाला असं होत नाही. पण क्लेम आला आणि आरसीवर एक नंबर, पॉलिसीवर दुसरा असं सर्व्हेअरला (नुकसान तपासायला येणाऱ्याला) दिसलं, की गाडी गॅरेजमध्ये उभी राहते आणि तुम्ही खुलासे देत बसता. तेवढ्यासाठी हे काम टाळू नका. हप्त्यात फार फरक पडायचा नाही. मुंबई, पुणे, चेन्नई, बंगळूर अशी मोठी शहरं विम्याच्या जुन्या दरपत्रकात ए झोनमध्ये होती, कोइमतूर आणि सांगली दोन्ही बी मध्ये. तुम्ही चेन्नईहून येत असता तर थोडा हप्ता उतरला असता.

"टीएन नंबर असताना विट्यात अपघात झाला तर कंपनी पैसे नाकारेल का?" असंही तुम्ही विचारलंय. नोंदणी वैध आहे, विमा चालू आहे, तर केवळ नंबर दुसऱ्या राज्याचा म्हणून नाकारायला आधार नाही. नाकारलं जातं ते नोंदणीच वैध नसताना. तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेली एक गाडी राजस्थानात चोरीला गेली, तेव्हा विमा कंपनीनं पैसे देणं बंधनकारक नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये दिला. तुमची गाडी त्या प्रकारात येत नाही. पण बारा महिने उलटून गेले, पत्ता जुना, कर थकलेला, असे धागे जितके जास्त तितकी कंपनीला प्रश्न विचारायला जागा जास्त.

लायसन्सचं काम यात सगळ्यात सोपं. ते देशभर चालतं, मुदत संपेपर्यंत बदलावंच लागत नाही. फक्त निघण्यापूर्वी दोघांचे नंबर सारथी या लायसन्सच्या सरकारी संकेतस्थळावर टाकून बघा. जुनी पुस्तकासारखी लायसन्स कधीकधी तिथं दिसत नाहीत. दिसत नसेल तर त्याची नोंद ज्या कार्यालयानं लायसन्स दिलं तिथंच करून घ्यावी लागते, म्हणजे पुन्हा कोइमतूर. दिसत असेल तर आधार बदलल्यावर पत्ता इथून बदलता येतो आणि नूतनीकरणही सांगलीला होतं. मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो. संपून एक वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. चाळिशी ओलांडली असेल तर फॉर्म १ए वर डॉक्टरचं प्रमाणपत्र लागेल. वहिनींच्या लायसन्सवर गिअरची गाडी आहे की नुसती बिनगिअरची, तेही या निमित्तानं पाहून घ्या. विट्यात त्या कार चालवणार असतील तर त्यावर हलक्या मोटारीची नोंद हवी.

बँकेला अर्ज आजच द्या. त्यांचं उत्तर काय येतं ते इथं कळवा, त्यात काही अडलं तर पुढं काय लिहायचं ते मी सांगेन.